क्लासिक मोटारगाड्यांची प्रदर्शने

क्लासिक मोटारगाड्यांचे प्रदर्शन म्हणजे जुन्या, दुर्मीळ अथवा ऐतिहासिक महत्त्वाच्या मोटारगाड्या त्यांच्या मालकांनी एकत्र आणून लोकांसमोर मांडण्याचा कार्यक्रम होय. अशा बहुतेक प्रदर्शनांत परीक्षक गाड्यांची तपासणी करतात आणि निरनिराळ्या वर्गांत पारितोषिके दिली जातात. गावातील मैदानावर रविवारी सकाळी भरणाऱ्या साध्या मेळाव्यापासून ते निमंत्रितांपुरत्या मर्यादित असलेल्या आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेपर्यंत या प्रदर्शनांची अनेक रूपे आढळतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुनी मोटार बाळगणे हा मुख्यतः हौशी मंडळींचा छंद होता. पुढे जुन्या गाड्यांच्या किमती वाढत गेल्या आणि त्यांबरोबर जीर्णोद्धार, विमा, वाहतूक व प्रवेशमूल्य यांचाही खर्च वाढला. परिणामी काही प्रमुख प्रदर्शने श्रीमंत संग्राहक, लिलावगृहे आणि मोटारकंपन्या यांच्याभोवती केंद्रित झाली. त्याच काळात विनामूल्य मेळावे, सामान्य गाड्यांची प्रदर्शने आणि मूळ स्थितीतील गाड्यांचा गौरव असे वेगळे प्रवाहही उदयास आले. जुन्या गाड्या कोणी, कशा स्थितीत आणि कोणासाठी जपायच्या, हा या सर्व बदलांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

संज्ञा आणि वर्गीकरण

बोलीभाषेत कोणत्याही जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ किंवा ‘क्लासिक’ म्हटले जाते. परंतु क्लबांच्या नियमांत या शब्दांचे अर्थ काटेकोर आहेत. ब्रिटनमधील ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ (स्थापना १९३४) १९३०च्या अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ मानतो. त्याहून जुन्या, मोटारयुगाच्या प्रारंभीच्या गाड्यांना ‘व्हेटरन’ म्हणतात. अमेरिकेतील ‘क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका’ (स्थापना १९५२) ही संस्था १९१५ ते १९४८ या काळातील निवडक उंची गाड्यांनाच ‘पूर्ण क्लासिक’ हा दर्जा देते. ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ (स्थापना १९३५) मात्र पंचवीस वर्षे जुन्या कोणत्याही गाडीला आपल्या मेळाव्यात स्थान देते.

ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्याची स्थापना १९६६ मध्ये झाली. किमान तीस वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन हा महासंघ ऐतिहासिक मानतो. भारतात २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ या दर्जासाठी पन्नास वर्षांची अट आहे.

वयाची अट अशी सरकती असल्यामुळे दरवर्षी नव्या गाड्या या व्याख्येत येतात. १९९०च्या दशकातील गाड्यांनी आता तीस वर्षांची मर्यादा ओलांडली आहे आणि एकेकाळी टाकाऊ समजली गेलेली मॉडेले प्रदर्शनात मांडली जाऊ लागली आहेत.

उगम

या प्रदर्शनांचे मूळ दोन भिन्न परंपरांत सापडते. पहिली परंपरा सौंदर्यस्पर्धेची. मोटारपूर्व काळात फ्रान्समधील धनिक आपल्या घोडागाड्या सजवून उद्यानांतून मिरवत असत. १९२०च्या दशकात त्या घोडागाड्यांची जागा मोटारींनी घेतली. फ्रेंच भाषेतील ‘काँकूर देलेगाँस’, म्हणजे डौलाची स्पर्धा, हे नाव तेव्हापासून रूढ झाले. त्या काळी उंची मोटारीचा सांगाडा व इंजिन एका कारखान्यात आणि वरचा साज दुसऱ्या कारागिराकडे तयार होत असे. त्यामुळे या स्पर्धा म्हणजे साज चढवणाऱ्या कारखान्यांची जाहिरातच होती आणि त्यांत नव्या कोऱ्या गाड्याच मांडल्या जात. इटलीत कोमो सरोवराकाठी चेर्नोबिओ येथे १९२९ मध्ये सुरू झालेली ‘व्हिला देस्ते’ ही स्पर्धा या परंपरेतील होय.

दुसरी परंपरा रस्त्यावरच्या फेरीची. ब्रिटनमध्ये १८९६ मध्ये मोटारींची वेगमर्यादा ताशी चार मैलांवरून चौदा मैल करण्यात आली आणि गाडीपुढे माणूस चालत ठेवण्याची सक्ती रद्द झाली. त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडन ते ब्रायटन अशी फेरी निघाली. १९२७ मध्ये तिची पुनरावृत्ती झाली आणि पुढे काही वर्षांचे अपवाद वगळता ती दरवर्षी होत आली. १९०५ पूर्वीच्या गाड्यांनाच तीत भाग घेता येतो. या फेरीच्या पार्श्वभूमीवर बेतलेला ‘जेनेव्हीव्ह’ हा विनोदी चित्रपट १९५३ मध्ये प्रदर्शित झाला आणि जुन्या मोटारींचा छंद सामान्य प्रेक्षकांना परिचित झाला.

पहिल्या परंपरेत गाडी कशी दिसते याला महत्त्व होते, तर दुसरीत ती चालते की नाही याला. आजच्या प्रदर्शनांतील अनेक वादांचे मूळ या दोन दृष्टिकोनांतील फरकात आहे.

पेबल बीच आणि अमेरिकेतील विकास

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पॅसिफिक महासागराच्या काठी पेबल बीच येथे १९५० मध्ये एक सौंदर्यस्पर्धा भरली. तेथील वनरस्त्यांवर होणाऱ्या मोटारशर्यतीला जोड म्हणून ती योजण्यात आली होती आणि तीत सुमारे तीसच गाड्या होत्या. आरंभीची पारितोषिकेही बहुतांशी नव्या गाड्यांना मिळत. १९५५ मध्ये फिल हिल यांनी आपल्या मावशीकडून आलेली १९३१ची पिअर्स-ॲरो ही गाडी दुरुस्त करून मांडली आणि ती सर्वोत्कृष्ट ठरली. युद्धपूर्व काळातील गाडीला तेथे मिळालेला हा पहिलाच सर्वोच्च मान होता. हिल पुढे १९६१ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींचे विश्वविजेते झाले. या निकालानंतर स्पर्धेचा रोख नव्या गाड्यांकडून जीर्णोद्धारित जुन्या गाड्यांकडे वळला.

१९५६ मध्ये शर्यतीत अर्नी मॅकाफी या चालकाचा झाडावर आदळून मृत्यू झाला. त्यानंतर वनरस्त्यांवरील शर्यती बंद होऊन १९५७ पासून त्या जवळच्या लागूना सेका या बांधीव मार्गावर होऊ लागल्या. सौंदर्यस्पर्धा मात्र चालू राहिली. गोल्फच्या मैदानावरील अठराव्या हिरवळीवर ऑगस्ट महिन्यात भरणारी ही स्पर्धा आज जगातील सर्वांत प्रतिष्ठित मानली जाते आणि तीत सुमारे दोनशे गाड्या निवडून बोलावल्या जातात. तिच्या आगेमागे मॉन्टेरी परिसरात लिलाव, शर्यती आणि इतर प्रदर्शने यांचा संपूर्ण सप्ताह भरतो.

याच काळात दुसरीकडे कामगार व मध्यमवर्गीय हौशी लोकांचे मेळावे वाढले. पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथील शरद ऋतूतील मेळावा आणि १९७४ मध्ये सुरू झालेला कार्लाइल येथील मेळावा हे जुन्या सुट्या भागांच्या बाजारासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. इंग्लंडमधील ब्यूली येथे १९६७ पासून असाच बाजार भरतो. गंजलेला कार्ब्युरेटर, जुनी माहितीपुस्तिका किंवा एखाद्या मॉडेलचा दिवा शोधत लोक येथे दिवसभर हिंडतात. पारितोषिकापेक्षा सुटा भाग आणि त्याविषयीची माहिती मिळवणे हा या मेळाव्यांचा मुख्य हेतू असतो. आजही अनेक जीर्णोद्धार अशा बाजारांवर अवलंबून आहेत.

परीक्षणाची पद्धत

क्लबांच्या प्रदर्शनांत सामान्यतः गुणपद्धती वापरली जाते. गाडीला पूर्ण गुण धरून दोषागणिक गुण वजा केले जातात. चुकीच्या प्रकारचा स्क्रू, कारखान्यात नसलेला रंग, त्या वर्षी न वापरलेले कापड अशा बारीकसारीक बाबी तपासल्या जातात. सौंदर्यस्पर्धेत तांत्रिक अचूकतेबरोबर घाट आणि डौल यांचाही विचार होतो. दिवे, हॉर्न आणि इंजिन चालू करून दाखवावे लागते.

अशा कठोर परीक्षणामुळे एक विचित्र परिणाम घडला. गुण जाऊ नयेत म्हणून मालक गाडी रस्त्यावर काढेनासे झाले आणि ती बंदिस्त ट्रेलरमधून मैदानापर्यंत आणू लागले. अशा गाड्यांना अमेरिकेत उपहासाने ‘ट्रेलर क्वीन’ म्हणतात. अनेक गाड्यांचा जीर्णोद्धार इतका चकचकीत होऊ लागला, की कारखान्यातून बाहेर पडतानाही त्या तशा नव्हत्या. यावर उपाय म्हणून पेबल बीच येथे १९९८ पासून स्पर्धेपूर्वी रस्त्यावरील सहल ठेवण्यात आली. वर्गात दोन गाड्यांचे गुण समसमान झाल्यास सहल पूर्ण करणाऱ्या गाडीला झुकते माप मिळते.

खर्चातील वाढ

गाड्यांच्या किमती. खर्चवाढीचे सर्वांत ठळक कारण म्हणजे जुनी मोटार ही गुंतवणुकीची वस्तू बनणे. फेरारी २५० जीटीओ या शर्यतीच्या गाडीचे १९६२ ते १९६४ या काळात केवळ ३६ नग तयार झाले. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्या काही हजार डॉलरांत विकल्या जात. त्यांतील एक गाडी ऑगस्ट २०१८ मध्ये मॉन्टेरी येथील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. मे २०२२ मध्ये मर्सिडीझ-बेंझ कंपनीने आपल्या संग्रहातील १९५५ची ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे ही गाडी १३.५ कोटी युरोंना विकली. अशा दोनच गाड्या बनल्या होत्या. २०२२च्या मॉन्टेरी सप्ताहातील लिलावांची एकूण उलाढाल चाळीस कोटी डॉलरांपेक्षा अधिक होती.

अशा भावांचा परिणाम साध्या गाड्यांवरही होतो. गाडीचे मूल्य वाढले, की विम्याचा हप्ता वाढतो, ती ठेवण्यासाठी सुरक्षित जागा लागते आणि चोरीच्या किंवा अपघाताच्या भीतीने तिचा वापर कमी होतो. वारशाने आलेली गाडी जपू इच्छिणाऱ्या कुटुंबालाही ती विकण्याचा मोह टाळणे कठीण जाते.

जीर्णोद्धार. सर्वोच्च स्पर्धेच्या योग्यतेचा जीर्णोद्धार हजारो मनुष्यतासांचे काम असते. पत्रा हाताने ठोकणे, लाकडी सांगाडा नव्याने घडवणे, क्रोमचा मुलामा, चामड्याची बैठक, मिळत नसलेले भाग नव्याने ओतून घेणे ही सर्व कामे कुशल कारागिरांची आहेत आणि अशा कारागिरांची संख्या घटत गेली आहे. पुष्कळदा जीर्णोद्धाराचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा अधिक होतो. त्यामुळे ज्या मॉडेलांना लिलावात मोठी किंमत येते त्यांचाच जीर्णोद्धार परवडतो आणि सामान्य मॉडेले भंगारात जातात.

आयोजन. मोठ्या मैदानाचे भाडे, सुरक्षाव्यवस्था, दायित्व विमा, तंबू, वाहनतळ आणि पाहुण्या परीक्षकांची व्यवस्था यांचा भार आयोजकांवर पडतो. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या क्लबांना हा भार पेलणे अवघड जाते. सभासदांचे वाढते वय ही आणखी एक अडचण आहे.

प्रवेशमूल्य. पेबल बीच येथील साध्या प्रवेशिकेची किंमत २०२०च्या दशकात चारशे डॉलरांच्या पुढे गेली. त्याच सप्ताहात कार्मेल खोऱ्यात २००३ पासून भरणाऱ्या ‘द क्वेल’ या मर्यादित प्रवेशिकांच्या प्रदर्शनासाठी एक हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. आयोजकांच्या बाजूने असे सांगितले जाते, की मोठ्या स्पर्धांच्या उत्पन्नातून धर्मादाय संस्थांना साहाय्य मिळते आणि गर्दी मर्यादित राहिल्याने मौल्यवान गाड्या सुरक्षित राहतात. टीकाकारांच्या मते, ज्या मुलाने मैदानावर पहिल्यांदा जुनी गाडी पाहून या छंदात यायचे, त्याचीच वाट यामुळे अडते.

मालकी आणि आयोजनातील बदल

पूर्वी प्रदर्शने प्रामुख्याने स्थानिक क्लब किंवा एखादा झपाटलेला संग्राहक भरवत असे. एकविसाव्या शतकात त्यांत मोठ्या कंपन्यांचा प्रवेश झाला. व्हिला देस्ते या स्पर्धेला १९९९ पासून बीएमडब्ल्यू समूहाचा आश्रय आहे. अनेक मोटारकंपन्या आपल्या नव्या, महागड्या गाड्यांचे अनावरण आता वाहनमेळ्यांऐवजी अशा स्पर्धांच्या हिरवळीवर करतात, कारण त्यांचा ग्राहक तेथेच भेटतो.

या बदलाचे लक्षणीय उदाहरण म्हणजे हॅगर्टी ही अमेरिकन कंपनी. मिशिगन राज्यात १९८४ मध्ये लाकडी नौकांचा विमा उतरवणारा कौटुंबिक व्यवसाय म्हणून तिची सुरुवात झाली. पुढे ती जुन्या मोटारींच्या विम्यातील अग्रगण्य कंपनी बनली आणि २०२१ मध्ये न्यू यॉर्क शेअर बाजारात नोंदली गेली. फ्लोरिडातील अमेलिया बेटावर बिल वॉर्नर यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली स्पर्धा तिने २०२१ मध्ये विकत घेतली. गाड्यांचा विमा, त्यांचे मूल्यांकन, नियतकालिक, लिलाव आणि प्रदर्शन या सर्व गोष्टी एकाच कंपनीच्या छत्राखाली आल्याने या छंदाला स्थैर्य मिळाले, असे एक मत आहे. किंमत ठरवणारा आणि किंमत वाढल्याने लाभ होणारा एकच असू नये, असे दुसरे मत आहे.

अभिरुचीतील बदल

मूळ स्थितीला महत्त्व. गाडी नव्यासारखी करणे हाच दीर्घकाळ आदर्श होता. मात्र जीर्णोद्धारात मूळ रंग, शिवण, कारागिराच्या हाताच्या खुणा नष्ट होतात आणि त्या परत आणता येत नाहीत, याची जाणीव हळूहळू वाढली. फिवाने २०१३ मध्ये अंतिम रूप दिलेल्या ‘टुरिन सनदे’त वास्तुजतनाची तत्त्वे वाहनांना लागू केली आहेत. शक्य तितके जतन, आवश्यक तितकीच दुरुस्ती आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद हा तिचा गाभा आहे. प्रमुख स्पर्धांत जीर्णोद्धार न केलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहेत.

बाजारानेही या बदलाला प्रतिसाद दिला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या रेट्रोमोबील प्रदर्शनात बायों कुटुंबाच्या शेतावर अनेक दशके पडून असलेल्या ५९ गाड्या लिलावात निघाल्या. त्यांतील धुळीने माखलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर १.६ कोटी युरोंहून अधिक किमतीला गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये पेबल बीच येथे १९३४ची बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्स ही गाडी सर्वोत्कृष्ट ठरली. कारखान्याच्या चमूने शर्यतीत वापरलेली आणि नंतर बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे असलेली ही गाडी जुन्या रंगासह तशीच राखलेली होती. जतनवर्गातील गाडीला तेथे सर्वोच्च मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. तथापि, मूळ स्थितीतील गाडीला अधिक भाव मिळू लागल्याने कृत्रिम जुनेपणा आणण्याचे प्रकारही घडू लागले.

पिढीबदल. प्रत्येक पिढीला आपल्या बालपणीच्या गाड्यांची ओढ वाटते. युद्धपूर्व गाड्या रस्त्यावर पाहिलेली पिढी मागे पडत गेली तशी युद्धोत्तर गाड्यांना प्रतिष्ठा मिळाली. २०१४ मध्ये पेबल बीच येथे १९५४ची फेरारी ३७५ एमएम सर्वोत्कृष्ट ठरली. चार दशकांहून अधिक काळानंतर युद्धोत्तर गाडीला हा मान मिळाला. १९८० व १९९०च्या दशकांतील गाड्यांसाठी कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये ‘रॅडवुड’ हा मेळावा सुरू झाला, ज्यात लोक त्या काळचा पोशाख करून येतात. अशी वेशभूषेची प्रथा इंग्लंडमधील ‘गुडवुड रिव्हायव्हल’ने १९९८ पासून लोकप्रिय केली होती.

पर्यायी आणि विनामूल्य मेळावे

महागड्या स्पर्धांना प्रतिक्रिया म्हणून किंवा त्यांच्याशी संबंध न ठेवता अनेक खुले मेळावे उभे राहिले. डेट्रॉइट परिसरातील ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ १९९५ मध्ये सुरू झाला. फर्नडेल या गावी मुलांसाठी फुटबॉलचे मैदान बांधण्याकरिता निधी उभारणे हा त्याचा मूळ हेतू होता. ऑगस्टमधील तिसऱ्या शनिवारी लाखो लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून जुन्या गाड्यांची वर्दळ पाहतात. त्यासाठी प्रवेशिका नसते.

‘कार्स अँड कॉफी’ या नावाने जगभर पसरलेल्या सकाळच्या मेळाव्यांचे एक आद्य रूप कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन शहरात एका कार्यालयाच्या वाहनतळावर शनिवारी पहाटे भरत असे. तेथे प्रवेशमूल्य नव्हते, परीक्षक नव्हते आणि पारितोषिकेही नव्हती. गर्दी आवाक्याबाहेर गेल्यानंतर २०१४च्या अखेरीस तो मेळावा बंद झाला. परंतु त्याची कल्पना इतरत्र टिकली. विनामूल्य मेळाव्यांसमोरील मुख्य अडचण यावरून दिसते. उत्पन्न नसल्याने गर्दीची जबाबदारी घेणारी यंत्रणा उभी राहत नाही आणि निघताना वेगाचे प्रदर्शन करणाऱ्या काही चालकांमुळे जागा देणारे मालक माघार घेतात.

विनोदी अंगाने टीका करणारी प्रदर्शनेही आहेत. मॉन्टेरी सप्ताहातच २००९ पासून ‘काँकूर द लेमन्स’ हा मेळावा होतो. अमेरिकन बोलीत ‘लेमन’ म्हणजे सदोष गाडी. कुरूप, फसलेल्या आणि विसरलेल्या गाड्यांना येथे मुद्दाम हास्यास्पद पारितोषिके दिली जातात. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’ भरतो. एकेकाळी प्रत्येक गल्लीत दिसणाऱ्या, म्हणूनच कोणी न जपलेल्या साध्या कौटुंबिक गाड्या हा त्याचा विषय आहे. हे दोन्ही उपक्रम आज हॅगर्टीशी निगडित आहेत, हे या क्षेत्रातील कंपन्यांचा प्रभाव किती दूरवर पोहोचला आहे याचे द्योतक आहे.

भारतातील प्रदर्शने

भारतातील जुन्या उंची गाड्यांचा मोठा भाग संस्थानिकांच्या संग्रहांतून आला. १९७१च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले आणि अनेक घराण्यांनी गाड्या विकल्या. त्यांतील पुष्कळ परदेशी गेल्या. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर बंदी आल्याने उरलेल्या गाड्या देशात राहिल्या. अहमदाबादजवळील प्राणलाल भोगीलाल यांच्या संग्रहासारखे मोठे संग्रह देशातील व्यक्तींनी उभे केले.

‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने दिल्लीत १९६४ मध्ये आणि कोलकात्यात १९६८ मध्ये जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. सार्वजनिक रस्त्यावरून जाणारी ही फेरी कोणालाही पाहता येते. सौंदर्यस्पर्धेची आंतरराष्ट्रीय पद्धत भारतात ठळकपणे आली ती २००८ मध्ये, जेव्हा कार्टिए या फ्रेंच जवाहिर कंपनीने मुंबईत अशी स्पर्धा भरवली. २०११ पासून ‘२१ गन सॅल्यूट’ ही स्पर्धा होत आहे. जानेवारी २०२३ मध्ये ती बडोद्याच्या गायकवाड घराण्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात झाली. २०२४ मध्ये उदयपूर येथे ओबेरॉय समूहाने स्पर्धा भरवली. राजवाडे व पंचतारांकित हॉटेले ही स्थळे बनल्याने येथेही रस्त्यावरची फेरी आणि निमंत्रितांची स्पर्धा असे दोन प्रवाह स्पष्ट झाले आहेत.

महाराष्ट्राचा मोटार-इतिहास मात्र केवळ राजेरजवाड्यांचा नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या गाड्या बनवल्या. पुढे त्यांतूनच ‘प्रीमियर पद्मिनी’ आली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ओळखली गेली. टॅक्सींसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. हजारोंच्या संख्येने धावणाऱ्या या गाड्यांपैकी फारच थोड्या जपल्या गेल्या. पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या गाड्या आता भारतीय मेळाव्यांत दिसू लागल्या आहेत. त्यांच्याभोवती जमणारे प्रेक्षक बहुधा आपल्या घरच्या आठवणी सांगत असतात.

जुनी गाडी प्रदर्शनाबाहेर जिवंत राहण्याचे उदाहरण कोल्हापुरात आढळते. तेथील शाही दसऱ्याला छत्रपती घराण्यातील मंडळी ऐतिहासिक मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात. ती पाहण्यासाठी प्रवेशिका लागत नाही.

भारतातील कायदे व खर्च

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, व्यापारी वापरात नसलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ या अक्षरांची क्रमांकमालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरवण्यात आले आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे ठेवण्यात आली. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते.

पंधरा ते पन्नास वर्षे या दरम्यानच्या गाड्यांची स्थिती अधिक बिकट आहे. त्या व्हिंटेज ठरत नाहीत आणि जुन्या वाहनांवरील निर्बंध त्यांना लागू होतात. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये आणि आयात गाडीसाठी १५,००० रुपयांवरून ४०,००० रुपये करण्यात आले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी वाढले. तुलनेने जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरील सुस्थितीतील गाडीला विशेष नोंदणीपट्टी व करसवलत मिळू शकते, तर ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील गाड्यांना वाहनकरातून सूट आहे. उद्याच्या व्हिंटेज गाड्या आजच्या तीस-चाळीस वर्षे जुन्या गाड्यांतूनच निघणार असल्याने भारतातील हा मधला टप्पा जतनाच्या दृष्टीने कळीचा मानला जातो.

कौशल्ये आणि पुढील वाटचाल

जुन्या गाड्यांचे भवितव्य पैशाइतकेच कारागिरांवर अवलंबून आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील मॅकफर्सन महाविद्यालयात मोटारींच्या जीर्णोद्धाराचा पदवी अभ्यासक्रम आहे. तेथील विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे खपून तयार केलेली १९५३ची मर्सिडीझ-बेंझ ३०० एस ही गाडी २०२३ मध्ये पेबल बीच येथे आपल्या वर्गात दुसरी आली. इंग्लंडमधील बिस्टर येथे जुन्या हवाई तळावर जीर्णोद्धाराच्या कार्यशाळा एकत्र आल्या असून तेथे उमेदवारीची सोय आहे. भारतात हे ज्ञान बहुतांशी गॅरेजमधील मिस्त्रींकडे, गुरूकडून शिष्याकडे असेच चालत आले आहे. कोणत्या इंजिनाला कोणता पर्यायी भाग बसतो, कोणता पत्रा कसा ठोकावा, हे पुष्कळदा कोठेही लिहिलेले नसते.

इंधनबदल हा आणखी एक प्रश्न आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व जोड खराब होऊ शकतात. विजेवरील वाहनांचा प्रसार वाढेल तसे जुने इंजिन सुरू होताना पाहणे व ऐकणे हा अनुभवच प्रदर्शनापुरता उरण्याची शक्यता आहे. त्या परिस्थितीत प्रदर्शनांचे शैक्षणिक महत्त्व वाढेल आणि ती किती लोकांना परवडतात हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरेल. मोठ्या स्पर्धांनी जगातील दुर्मीळ गाड्या नष्ट होण्यापासून वाचवल्या आहेत. सामान्य गाड्या, सुट्या भागांचे बाजार आणि अलिखित कौशल्ये मात्र मुख्यतः क्लबांच्या व खुल्या मेळाव्यांच्या आधारावर टिकून आहेत.